घरात गोबरगॅस, तरी न्हाणीत चूल का पेटते?

परड्यात गोबरगॅसची टाकी, स्वयंपाकघरात निळी ज्योत, आणि पहाटे पाचला मागच्या न्हाणीत मात्र धुराचा लोट. चुलीवर पाण्याचा हंडा, खाली तुराट्या नाहीतर उसाचं पाचट, कोकणात असाल तर झावळ्या आणि नारळाची सोडणं. जाळ लवकर धरावा म्हणून वर प्लॅस्टिकची एखादी पिशवी. न्हाणीचं दार स्वयंपाकघरात उघडतं. तासाभरात घरभर धूर, आणि तो सगळ्यात जास्त जातो जाळ सारत बसलेल्या बाईच्या छातीत.

गोबरगॅसबद्दल लिहिताना शेणापासून गॅस कसा होतो हे सगळे सांगतात. गॅस येऊनही चूल का विझत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. धुराचं गणित सरळ नाही. चूल निम्मी केली म्हणून आजार निम्मा होत नाही, रोज एक तास धूर राहिला तरी फुप्फुसांचं नुकसान चालूच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांच्या वर. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट दमा-खोकला, मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. म्हणून गोबरगॅस बांधताना प्रश्न हा हवा की घरातली शेवटची चूल विझणार का. त्याचं उत्तर टाकीच्या मापात आहे, शेणात आहे आणि आंघोळीच्या पाण्यात आहे.

गॅस किती लागतो, शेण किती आहे

एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलोला एक घनमीटर, ५० किलोला दोन. गाय दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देते, म्हैस १५ पर्यंत. पण जनावर दिवसभर रानात चरायला जात असेल तर निम्मं शेण रानातच पडतं. हिशोबात धरायचं ते फक्त गोठ्यात जमणारं. अंदाजाने कधीच ठरवू नका. ज्या पाटीने शेण भरता ती एकदा काट्यावर ठेवून वजन करा, आणि सलग आठ दिवस रोज किती पाट्या निघतात ते भिंतीवर खडूने लिहा. टाकी बांधण्याआधीचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

आता खर्चाची बाजू. माणशी स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटर ते ०.३ घनमीटर गॅस लागतो. पाच माणसांच्या घराला सव्वा ते दीड. बांधकामाच्या कागदावर हिशोब इथेच संपतो, आणि दोन घनमीटरची टाकी आरामात पुरेल असं ठरतं.

पण आंघोळीचं पाणी? पाच माणसं, प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ७५ लिटर. २२ अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायचं म्हणजे १८ अंश चढवायचं. ७५ गुणिले १८, झाले १३५० किलोकॅलरी. शेगडीची उष्णता सगळी भांड्यात जात नाही, निम्म्याहून थोडी जास्त लागू पडते. म्हणजे जाळायला हव्यात साधारण २४५० किलोकॅलरी. गोबरगॅसच्या एका घनमीटरमध्ये ४७०० च्या आसपास असतात. तेव्हा फक्त आंघोळीला अर्धा घनमीटर गॅस गेला. दोन घनमीटरच्या टाकीतला पाव हिस्सा! जनावरांचं आंबोण शिजवायचं असेल तर ते आणखी वेगळं.

बेरीज केली तर पावणेदोन ते दोन होते. पूर्ण ५० किलो शेण रोज पडलं, हवा उबदार असली, कुठे गळती नसली, तर काठावर पुरतं. थंडीत नाहीच.

यात आणखी एक अडचण आहे, वेळेची. दीनबंधू पद्धतीच्या, म्हणजे जमिनीत विटांचा पक्का घुमट असलेल्या टाकीत गॅस साठवायची जागा दिवसाच्या उत्पादनाच्या एक तृतीयांश असते. दोन घनमीटरच्या टाकीत ०.६६ घनमीटर. रात्री नऊला शेगडी बंद केली आणि पहाटे पाचला उघडली तर आठ तासांत तेवढाच गॅस तयार होऊन घुमट पूर्ण भरलेला असतो. त्यातला अर्धा घनमीटर आंघोळीला वापरला तर सात-आठ वाजता भाजी-भाकरीला उरतो जेमतेम तीनशे लिटर. मध्यम शेगडी तासाला ४५० लिटर खाते. चाळीस मिनिटांत ज्योत बसते, भाकऱ्या अर्ध्या राहतात, आणि घरातली बाई वैतागून चूल पेटवते. तिचा दोष नाही, हिशोबाचा आहे.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. शेण ७५ किलो जमत असेल तर सरळ तीन घनमीटरची टाकी बांधा. तेवढं शेण नसेल तर मोठी टाकी बांधू नका. उपाशी टाकी लहान टाकीएवढाच गॅस देते आणि पैसे मात्र जास्त खाते. अशा घरात आंघोळीच्या पाण्यासाठी छपरावर सौर बंब बसवावा, १०० लिटरचा. या दोघांची जोडी आपल्या हवेला फार चांगली जमते. डिसेंबर-जानेवारीत गारठ्याने गॅस कमी होतो, पण तेव्हाच आभाळ निरभ्र असतं आणि बंब उत्तम तापतो. पावसाळ्यात बंब गार पडतो, पण तेव्हा टाकी थंडीपेक्षा उबदार असते आणि पाणीही कडकडीत लागत नाही. तेव्हा आंघोळ गॅसवर घ्यायची.

हेही शक्य नसेल तर निदान पाण्याची चूल घरापासून दूर, उघड्या पडवीत न्या. घरातल्या न्हाणीत ठेवू नका. हा उपाय अपुरा आहे, पण घरात कोंडणारा धूर तरी त्याने टळतो.

टाकी कुठे गळते

दीनबंधू हा आराखडा १९८४ साली आला. त्याआधी खादी ग्रामोद्योगची तरंगत्या लोखंडी पिंपाची टाकी सगळीकडे होती. पिंप गंजायचं, महाग पडायचं. दीनबंधूमध्ये हलणारा भागच नाही. जमिनीत विटांचा गोल घुमट, एका बाजूला शेण टाकायची कुंडी, दुसऱ्या बाजूला स्लरी, म्हणजे टाकीतलं शेणपाणी, वर चढायची टाकी. गॅस घुमटात साचला की खालची स्लरी ढकलतो, ती दुसऱ्या टाकीत वर चढते, आणि तिच्याच वजनाने गॅसला दाब मिळतो. ४० दिवसांच्या मुदतीच्या दोन घनमीटरच्या टाकीचा आतला व्यास सुमारे २.५५ मीटर. साधारण हजार विटा आणि १४ ते १६ पोती सिमेंट लागतं.

विटा खणखणीत भाजलेल्या हव्यात, बांधण्याआधी पाण्यात पूर्ण भिजवलेल्या. कोरडी वीट सांध्यातलं पाणी शोषते आणि सांधा भुसभुशीत राहतो. घराचं पाणी अडवणारा गवंडी गॅस अडवू शकेलच असं नाही. पाणी जिथून झिरपत नाही तिथूनही गॅस निसटतो. घुमटाचा आतला गिलावा एकदम जाड थापायचा नाही. आधी सिमेंटचा पातळ हात, त्यावर बारीक चाळलेल्या वाळूचा १:३ गिलावा, तो ओलसर असतानाच घोटाई, पुन्हा सिमेंटचा हात. सगळा घुमट एकाच दिवशी, मध्ये सांधा न सोडता. आज अर्धा आणि उद्या अर्धा केला की त्या सीमारेषेवर केसासारखी चीर पडते आणि तिथूनच गळती सुरू होते. वाळल्यावर वरच्या भागाला काळ्या इनॅमलचे दोन हात. निदान दहा-बारा दिवस पाणी मारायचं.

मग घुमटावर माती. बरेच जण ही माती अर्धवट सोडतात, कारण घुमट उघडा दिसला की बरं वाटतं. ही चूक महागात पडते. घुमट भरला की आत ९० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब असतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला ९०० किलोचा रेटा आतून बाहेर. विटांचं काम दाबाला टिकतं, ताणाला नाही. वरच्या मातीचं वजन हा रेटा पेलायला मदत करतं आणि टाकीची ऊबही धरून ठेवतं. माती थराथराने टाकून, पाणी शिंपून, धुम्मसाने ठोकायची.

शेण टाकण्याआधी गळती तपासा. हे एकदा शेण भरल्यावर करता येत नाही, म्हणून गवंड्याचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा. गॅसचा कॉक उघडा ठेवून टाकीत पाणी भरायचं. पाणी घुमटाच्या कडेपर्यंत आलं की कॉक बंद करायचा आणि भरत राहायचं. आता आतली हवा कोंडते, दबते, आणि बाहेरच्या टाकीत पाणी चढतं. गॅसच्या नळीला पारदर्शक प्लॅस्टिकची इंग्रजी यू आकाराची नळी जोडून तीत रंगीत पाणी घाला. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक हा दाब. तो ६०-७० सेंटिमीटरवर आणून खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. वेळ तीच हवी, कारण दुपारच्या उन्हाने आतली हवा फुगते आणि रात्री आकसते. गळती नसताना ती आहे असं वाटतं, असताना नाही असंही वाटतं. बोटभर उतरलं तर हरकत नाही, वीतभर उतरलं तर कुठेतरी चीर आहे. आधी नळीचे सांधे आणि कॉक साबणाच्या फेसाने तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. तिथे बुडबुडे नसतील तर घुमट पुन्हा घोटावा लागेल.

नळी टाकताना उतार सांभाळा. गॅस ओला असतो. रात्री नळी गार झाली की आत पाणी जमतं, आणि नळीला मध्ये झोळ असेल तर तिथे साचून गॅसची वाट अडवतं. ज्योत फडफडते, मध्येच विझते, पुन्हा येते. लोकांना वाटतं गॅस संपला. प्रत्यक्षात नळीतला पेलाभर पाण्याचा प्रश्न असतो. शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी टी जोडून खाली छोटा कॉक लावा. आठवड्यातून एकदा तो उघडून पाणी सोडायचं, बस.

शेगडीही वेगळी लागते. सिलिंडरची शेगडी जशीच्या तशी जोडली तर ज्योत लागत नाही किंवा मिणमिणते. सिलिंडरच्या गॅसला जळायला त्याच्या पंचवीस ते तीसपट हवा लागते, गोबरगॅसला सहापटीहून थोडी कमी. शिवाय गोबरगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्केच, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तोंडाचं छिद्र मोठं हवं, हवेची खिडकी लहान. गोबरगॅसची शेगडीच घ्यावी. ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर हवेची पट्टी थोडी उघडा, बर्नरपासून सुटून वर उडत असेल तर थोडी मिटा. बर्नर आणि कॉक दोन वर्षांत खाऊन जात असतील तर ते गॅसमधल्या सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडचं काम. नळीत लोखंडी चुऱ्याची एक डबी बसवली की तो वायू लोखंड खातो, बर्नर वाचतो. चुरा काळा पडला की काढून हवेवर पसरायचा, तांबूस झाला की पुन्हा वापरता येतो. पसरलेला ढीग तापतो, म्हणून तो गवताच्या गंजीजवळ नको.

पहिली भरणी आणि रोजचं कालवण

दोन घनमीटरच्या टाकीला पहिल्या भरणीला दोन टन शेण लागतं. ते एका दिवसात जमत नाही. पंधरा दिवस साठवलं तर चालतं, पण सावलीत आणि ओलं. वाळलेल्या शेणातला जीव गेलेला असतो. शेण आणि पाणी समसमान कालवून भरायचं. शक्य असेल तर जवळच्या चालू गोबरगॅसमधली स्लरी एक दशांश मिसळा. मिथेन करणारे जिवाणू तिच्यात तयारच असतात, दुधाला विरजण लावतो तसं. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत गॅस जमू लागतो, थंडीत महिनाही लागतो.

पहिले काही दिवस येणारा गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि नळीत हवा असते. तो सोडून द्या. पेटतो का हे बघायला काडी नळीच्या किंवा टाकीच्या तोंडाशी कधीही नेऊ नका. हवेत मिसळलेला मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोट करतो. फक्त शेगडीवर, खिडकी उघडून बघायचं.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त टाक्या बिघडतात त्या पाण्याने. ताज्या शेणात घन भाग १८ ते २० टक्के असतो, समभाग पाणी घातलं की ८ ते १० टक्के होतो. नेमका तोच हवा. कालवण कसं दिसावं? पातेल्यातून ओतता येईल असं पिठलं. ताकासारखं पातळ झालं तर जड भाग खाली बसतो, हलका वर तरंगतो, मधल्या पाण्यात जिवाणूंना खायला काही राहत नाही आणि तेच पाण्याबरोबर बाहेर वाहून जातात. घट्ट झालं तर गॅसचे बुडबुडे आतच अडकतात. गोठा धुतलेलं सगळं पाणी कुंडीत सोडायची सवय इथेच नडते. ५० किलो शेणाला ५० लिटर, बादली मोजून. उन्हाळ्यात शेण सुकं असेल तर थोडं जास्त.

कुंडीत हाताने किंवा लाकडी दांड्याने गोळे फोडून काढा. कडब्याचे तुकडे, गव्हांडा, माती, खडे बाजूला. वैरण तरंगून वर एकमेकांत गुंतते आणि वीतभर जाड साय धरते, गॅस तिच्याखाली कोंडतो. माती-खडे तळाला बसून वर्षावर्षाला टाकीची जागा खातात. कुंडीच्या तळाला एक बूच ठेवा. कालवण दहा मिनिटं निवळू द्या, वाळू खाली बसली की वरचं आत सोडा, खालचं बाहेर. शेण पडण्याच्या तोंडातून लांब बांबू घालून आठवड्यातून दोनदा खालवर ढवळलं तर साय धरत नाही.

थंडीत जिवाणू मंदावतात. त्यांना ३० ते ३५ अंश सगळ्यात मानवतात, १५ च्या खाली काम जवळजवळ थांबतं. नाशिक-निफाडकडे किंवा विदर्भात जानेवारीत हे हमखास अनुभवाला येतं. कालवण सकाळच्या गार पाण्यात करू नका. दुपारी, उन्हात ठेवलेल्या पिंपातल्या पाण्याने करा आणि लगेच आत सोडा. घुमटावर पाचटाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा हातभर थर टाका. जनावराचं गोमूत्र पाण्याऐवजी थोडं वापरलं तरी फायदा होतो, पण भरमसाठ नको, अमोनिया वाढून जिवाणू मरतात. कोंबडीची विष्ठा घालणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं.

शौचालय जोडायचं का?

जोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस केला होता. कोकणात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात शौचालय आणि गोबरगॅसचे प्रयोग केले. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून येऊन आयुष्यभर हेच काम केलं. गावातला हगवण-जंतांचा फेरा औषधाने तुटत नाही, शौचालयाने तुटतो, हे त्यांनी ओळखलं होतं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गॅसच्या लोभाने मात्र जोडू नका. एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला २५ ते ३० लिटर गॅस मिळतो. पाच माणसांचे दीडशे लिटर, म्हणजे शेगडी वीस मिनिटं. खरा फायदा हा की मैला बंद टाकीत जातो, माशी बसत नाही, विहिरीजवळ शोषखड्डा लागत नाही. त्या गॅसवर स्वयंपाक कसा करायचा, असा संकोच असतो. तो खोटा नाही, पण गॅस आणि मैला यांचा संबंध टाकीतच तुटतो. नळीतून येतो तो वायू, आणि तो जळून जातो.

यातही शत्रू पाणीच. दोन घनमीटरच्या टाकीत रोज १०० लिटर कालवण जातं आणि ते ४० दिवस आत राहतं. त्यात फ्लशची टाकी बसवली, दहा लिटरची, दिवसात सात वेळा ओढली, की ७० लिटर पाणी जास्तीचं. ४० दिवसांचे झाले साडेतेवीस. कच्चं शेण बाहेर येऊ लागतं, गॅस घटतो आणि रोगजंतू पुरते मरायच्या आतच बाहेर पडतात. म्हणून तीव्र उताराचं ग्रामीण भांडं बसवा, ज्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, आणि नळ न जोडता बादली-तांब्या ठेवा. आंघोळीचं, कपड्यांचं साबणाचं पाणी या नळीत सोडायचं नाही. भांडं धुवायला ॲसिड आणि फिनेल नको. जंतू मारायचं द्रव्य टाकीतल्या कामाच्या जंतूंनाही मारतं. राख किंवा साधा ब्रश पुरतो.

आणि स्लरी. शौचालय जोडलेल्या टाकीची स्लरी सरळ मेथी-पालकाच्या वाफ्यात सोडू नका. पटकीचे, विषमज्वराचे जिवाणू ४० दिवसांत बऱ्याच अंशी मरतात, पण जंतांची अंडी चिवट असतात, महिनोन्महिने टिकतात. दोन खड्डे करा. एकात पालापाचोळा आणि स्लरीचे थर देत भरा, तो भरला की दुसरा सुरू करा. चांगल्या ढिगात ५५ अंशांवर उष्णता जाते, ती तीन दिवस टिकली आणि ढीग उलटापालटा करून बाहेरचा भाग आत घेतला तर अंडीही मरतात. फक्त शेणाची स्लरी असेल तर थेट उसाला, केळीला पाटाच्या पाण्यातून दिली तरी चालते. ती अंगणात वाळवत मात्र ठेवू नका. उन्हात अमोनिया उडून जातो आणि नत्राचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो.

आणखी एक, जे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. घर बंद करून आठवडाभर गावाला गेलात आणि टाकी भरलेली असेल, तर गॅस थांबत नाही. घुमट भरला की तो बाहेरच्या टाकीतून बुडबुडे काढत निघून जातो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. न जाळलेला गॅस हवेत सोडणं म्हणजे लाकडं वाचवून मिळवलेलं पुण्य घालवणं. जायच्या आधी तीन-चार दिवस शेण टाकणं कमी करा, किंवा शेजाऱ्यांना नळी जोडून द्या.

धूर खरंच गेला का, ते मोजा

आता २.५ मायक्रॉनच्या धूलिकणांचं, म्हणजे पीएम २.५ चं छोटं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं. ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने एक घेऊन घरोघर फिरवावं. चुलीपासून एक मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर, दारं-खिडक्यांपासून दीड मीटर लांब टांगा. चोवीस तास ठेवा. वाफेच्या वर धरू नका, पाण्याचे थेंबही ते कण म्हणून मोजतं. फोडणीच्या वेळी आकडा उसळी मारतो, तो तेलाचा धूर असतो, त्याने गोंधळू नका. देशाचं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. बघायचा तो पहाटेचा आलेख. गॅस असूनही पाच ते सहाच्या दरम्यान आकडा शेकड्यांत जात असेल तर न्हाणीतली चूल अजून जिवंत आहे.

गाळ काढताना

पाच-सात वर्षांनी तळाला माती साचते आणि टाकी रिकामी करावी लागते. हे काम जिवावर बेततं, म्हणून थोडं सविस्तर. आत ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त प्रमाणात असला की तो नाकाचा वास घेण्याचा गुणच मारतो, त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे सुरक्षित' हे खोटं. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. शक्यतो आत कुणी उतरूच नये. ट्रॅक्टरवरच्या चिखलपंपाने स्लरी उपसा आणि लांब दांड्याच्या फावड्याने बाहेरून गाळ ओढा. उतरणं अगदीच अटळ असेल तर गॅसचा कॉक आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवून तीन-चार दिवस जाऊ द्या, ब्लोअरने बाहेरची हवा तळापर्यंत सोडत राहा, कमरेला दोर बांधा, बाहेर दोर धरायला दोन माणसं ठेवा, आणि कंदील, विडी, काडी काहीही जवळ आणू नका. ब्लोअर काम संपेपर्यंत चालू राहिला पाहिजे. तळचा गाळ ढवळला की अडकलेला गॅस पुन्हा सुटतो.

गाळ निघाला की घुमटाची आतली बाजू स्वच्छ धुऊन उजेडात नीट बघा. जिथे इनॅमल सुटलंय तिथे तारेच्या ब्रशने घासून पुन्हा दोन हात द्या. मग पाण्याची ती जुनी चाचणी परत करा, आणि पुन्हा भरताना कुठल्यातरी चालू टाकीतली चारशे लिटर स्लरी मागून आणा.